झोपाळ्यावर बसून शर्टाची बटणं लावता येतात का?

ताई, तुमचा मुलगा साडेसहा वर्षांचा. वाचतो छान, प्रश्न विचारून भंडावून सोडतो, पण शर्टाची बटणं लागत नाहीत, मोज्याची टाच पावलाच्या वर येते, जेवताना निम्मं सांडतं आणि सकाळचं आवरायला पाऊण तास लागतो. डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीची थेरपी सुचवली. तुम्ही एक सेशन पाहिलंत, तर तो झोपाळ्यावर पालथा पडून ठोकळे उचलत होता आणि नंतर मणी ओवत होता. याने शर्ट घालता कसा येणार, किती दिवस जायचं, मुलगा आळशी आहे की मीच लाडावून ठेवलाय, आणि वेल्क्रोचे बूट घेऊन दिले तर ती हार ठरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं मुलांसोबत हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आळसाचं मिटवू. जो मुलगा आवडीच्या गोष्टीत तासन्‌तास रमतो आणि बटणं लावायची म्हटली की ज्याचं पोट दुखायला लागतं, त्याची त्या कामात नको इतकी शक्ती खर्च होत असण्याची शक्यता जास्त. घरचे त्याला वेंधळा, धांदरट म्हणत असतील. हालचालींचा मेळ बसवणंच मुळात जड जातं अशी मुलं असतात. या अडचणीला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, थोडक्यात डीसीडी म्हणतात, आणि शाळकरी मुलांमध्ये तिचं प्रमाण ५ ते ६ टक्के धरलं जातं. म्हणजे तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात असं एखाद-दुसरं मूल असतंच. बुद्धीशी याचा संबंध नाही. तुमच्या मुलाला तेच आहे की नाही हे डॉक्टर आणि थेरपिस्ट प्रत्यक्ष तपासूनच ठरवतील. पण एक खूण सांगते. काल जमलं आणि आज जमलं नाही, असं या मुलांचं सारखं होतं. मोठ्यांना वाटतं, ‘काल केलंस ना, मग आज नाटकं कशाला?’ ती हालचाल अजून अंगवळणी पडलेली नसते. दर वेळी नव्याने जुळवावी लागते, आणि मूल दमलेलं असलं किंवा मागून कोणी घाई करत असलं की जुळत नाही.

लाडाचं म्हणाल, तर शाळेची वेळ झाली म्हणून आईने बटणं लावून देणं याला मी लाड म्हणत नाही. सकाळची वेळ शिकवण्याची नाहीच, एवढं मनाशी ठरवून टाका. तेव्हा खुशाल मदत करा. शिकायचं ते संध्याकाळी कपडे बदलताना किंवा सुट्टीच्या दिवशी, रोज दहा मिनिटं, तेही घरात कोणी घड्याळाकडे बघत नसताना. एवढ्या एका बदलाने कितीतरी घरांतली सकाळची रडारड कमी होते.

आता झोपाळा. त्यामागे एक विचार आहे. अमेरिकेतल्या ए. जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी १९६० आणि ७० च्या दशकांत सेन्सरी इंटिग्रेशनची मांडणी केली. तोल, स्पर्श आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी जाणीव यांची मेंदूत नीट जुळणी झाली की पुढची कौशल्यं त्यावर उभी राहतात, असा त्याचा गाभा. पालथं पडून ठोकळे उचलताना मान, पाठ आणि खांदे कामाला लागतात, हेही खरंच. मुलाला मजा येते, थेरपीला यायला ते कुरकुरत नाही, याचीही किंमत आहे. पण झोपाळ्यापासून शर्टापर्यंतचा रस्ता आपोआप तयार होत नाही. खांदे बळकट झाले म्हणून एक दिवस बटणं लागायला लागली, असं सहसा घडत नाही. डीसीडीबद्दल २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचा कल याच बाजूला आहे: जे काम यायला हवं, तेच करून घ्या. पोहायला शिकायचं तर कधीतरी पाण्यात उतरावंच लागतं.

मण्यांचंही तसंच. मणी आणि दोरा दोन्ही डोळ्यांसमोर, टेबलावर असतात. अंगातल्या शर्टाचं बटण हनुवटीखाली असतं, कापड हलत असतं आणि मान वाकवली की हात दिसेनासे होतात. मणी सराईतपणे ओवणारी पण बटणापाशी गाडी अडलेली मुलं मी सतत बघते. टेबलावर ठेवायच्या त्या लाकडी पाटीवरची बटणंही अशीच फसवी. मूल पाटीवर पटापट बटणं लावतं, सगळे टाळ्या वाजवतात आणि घरी अंगातला शर्ट उघडाच राहतो.

म्हणून थेरपिस्टशी भांडू नका, पण विचारा: ‘आज जे केलंत ते घरातल्या कोणत्या कामासाठी होतं?’ चांगला थेरपिस्ट पटकन आणि साध्या शब्दांत सांगतो. ‘सेन्सरीसाठी’, ‘फाइन मोटरसाठी’ एवढ्यावरच उत्तर थांबलं, तर खनपटीला बसा. त्याचा शर्ट, त्याचे मोजे, त्याचा चमचा सोबत घेऊन जा आणि सेशनमधला निम्मा वेळ त्यासाठी मागून घ्या. सकाळी कपडे घालतानाचा एक व्हिडिओ काढून दाखवलात तर फारच उत्तम. आमच्या खोलीतलं मूल आणि घरातलं मूल यांत पुष्कळ फरक असतो, आणि नेमकं कुठे अडतंय ते त्या चार मिनिटांत दिसतं.

कुठे अडतं ते बटणावरच दाखवते. बटण लावणं हे आपल्याला एक काम वाटतं, पण त्यात पाच-सहा कामं आहेत. एका हाताने काजाची कड धरायची. दुसऱ्या हाताच्या चिमटीत बटण आडवं पकडायचं. त्याची कड काजात घुसवायची आणि अंगठ्याने पुढे ढकलायचं. बटण अर्धं पलीकडे गेलं की काज धरलेल्या हाताने ते पकडायचं, त्याच क्षणी बटण धरलेल्या हाताने सोडायचं, आणि मग बटण एकीकडे, कापड दुसरीकडे ओढायचं. बहुतेक मुलांचं घोडं या अदलाबदलीपाशी अडतं. दोन्ही हात एकदम सुटतात, बटण मागे सरकतं आणि पहिल्यापासून सुरुवात. दोन-तीनदा असं झालं की मूल शर्ट भिरकावून देतं, आणि आपण म्हणतो, ‘याच्यात चिकाटीच नाही.’

यावरचा उपाय म्हणजे शेवटून शिकवणं. आमच्याकडे याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. बटण तुम्ही अर्धं बाहेर काढून द्या, त्याने फक्त ओढायचं. झालं, बटण लागलं, आणि ते त्याने लावलं. चार-पाच दिवसांत ते सहज झालं की बटण थोडंसंच बाहेर काढा, म्हणजे पकडणं आणि ओढणं दोन्ही त्याच्याकडे आलं. मग ढकलणं. मग काज शोधणं. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल पहिली पायरी करतं आणि बाकीचं आई उरकते. शेवट नेहमी दुसऱ्याच्या हातून होतो. शेवटून शिकवलं की रोजचा प्रयत्न पुऱ्या झालेल्या कामावर संपतो, आणि साडेसहा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायला तेवढं कारण पुरतं.

काही बारकावे. शर्ट एक माप मोठा घ्या, बटणं मोठी आणि काजं जराशी सैल असलेला. सुरुवात पोटाजवळच्या बटणापासून करा, कारण ते दिसतं. गळ्याचं बटण सर्वांत शेवटी, ते मोठ्यांनाही चाचपडूनच लावावं लागतं. हात धरून शिकवायचं असेल तर त्याच्या मागे बसा. समोर बसलात की तुमचे हात त्याच्या हातांच्या उलट दिशेने चालतात आणि बघून शिकायचं म्हटलं तरी चित्र उलटं दिसतं. मागून, त्याच्या हातांवर हात ठेवून, जिथे अडतंय तिथेच जोर द्या आणि जमायला लागलं की हात हलकेच काढून घ्या.

आणि बोलणं कमी करा. हे मी सगळ्या आयांना सांगते आणि सगळ्यांना थोडा राग येतो. ‘आता बाही घाल. दुसरी. अरे, दुसरी! आता खाली बघ. बटण धर.’ आपल्याला वाटतं आपण शिकवतोय. मूल मात्र प्रत्येक पायरीआधी आवाजाची वाट बघायला शिकतं. आवाज थांबला की तेही थांबतं, एक बाही घालून खिडकीबाहेर बघत बसतं. धरलेला हात सोडवणं सोपं, तोंडी सूचनांची सवय सुटणं फार कठीण. त्यापेक्षा बोटाने दाखवा किंवा नुसतं थांबा, मनातल्या मनात दहापर्यंत मोजत. कपड्यांच्या क्रमाची चार-पाच चित्रं आरशाशेजारी चिकटवा आणि तो अडला की चित्राकडे बोट करा. चित्रं ऑटिझम असलेल्या मुलांना विशेष उपयोगी पडतात, पण चालतात सगळ्यांनाच.

तुमचा मुलगा बोलका आहे, म्हणून आणखी एक पद्धत त्याला मानवेल असं वाटतं. कॅनडात हेलेन पोलाटायको आणि अँजेला मँडिच यांनी को-ऑप नावाची पद्धत विकसित केली. त्यात मुलाला उत्तर सांगत नाहीत, ते त्यालाच शोधायला लावतात. काय करायचंय, कसं करणार, करून बघ, जमलं का तपास, असे चार टप्पे. एका मुलाचा टी-शर्ट रोज उलटा, म्हणजे चित्र पाठीवर. आमचं बोलणं साधारण असं झालं:

‘काय करायचंय?’
‘चित्र पुढे आणायचंय.’
‘कसं करणार?’
‘चित्र वर दिसेल असा ठेवणार.’

त्याने टी-शर्ट पलंगावर तसा पसरला, खालून डोकं घातलं, आणि चित्र गेलं पाठीवर. मी काहीच बोलले नाही. त्याने आरशात वळून वळून पाहिलं, टी-शर्ट काढला, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘चित्राला पालथं झोपवू या.’ पालथा पसरलेला टी-शर्ट घातला की चित्र पुढेच येतं. हे मी पहिल्याच दिवशी सांगू शकले असते आणि त्याने ते पुढच्या आठवड्यात विसरून दाखवलं असतं. स्वतः काढलेली युक्ती तो पुढे स्वेटरला आणि गंजीफ्रॉकलाही लावायला लागला. ही पद्धत साधारण दहा-बारा सेशनची असते आणि सात वर्षांपुढच्या मुलांत चांगली चालते. तुमचा मुलगा त्या उंबरठ्यावर आहे, विचारून बघा.

मोज्यांचं थोडक्यात. जमिनीवर, पाठ भिंतीला टेकवून बसवा, म्हणजे तोल सांभाळण्यात हात अडकत नाहीत. मोजा टाचेच्या वरपर्यंत तुम्ही घाला, त्याने फक्त वर ओढावा. मग टाचेच्या खालपासून, मग चवड्यापासून. मोज्याची टाच वेगळ्या रंगाची असेल तर ती कुठे यायला हवी ते डोळ्यांना कळतं. पँट घालताना कमी उंचीच्या स्टुलावर बसू द्या. एका पायावर उभं राहून दुसरा पाय पँटमध्ये घालणं हा दोन कौशल्यांचा एकत्र पेपर आहे, तो नंतर घेऊ.

जेवणाचं सांडणं चमच्याआधी खुर्चीत बघा. पाय लोंबकळत असतील तर पायांखाली खोका ठेवा. तळवे टेकलेले, गुडघे आणि कंबर काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला. पाय टेकले की धड स्थिर होतं, आणि धड स्थिर झालं की हाताला फक्त हाताचं काम उरतं. ताटलीऐवजी उभ्या कडेचं खोलगट भांडं, भांड्याखाली न घसरणाऱ्या मॅटचा तुकडा, जाड मुठीचा चमचा. सरावाला आधी चमच्याला चिकटून राहील असं घट्ट, मग पातळ. लिहितानाही हीच खुर्ची. पेन्सिल अंगठा आणि दोन बोटांतच धरली पाहिजे असा हट्ट शाळेने धरला, तर फार मनावर घेऊ नका. तीन बोटांच्या आणि चार बोटांच्या मिळून चारेक पकडी चालतात. अक्षर वाचता येतंय आणि हात दुखत नाही, तर पकडीच्या मागे लागण्यात अर्थ नसतो.

स्पर्शाचा त्रास हे वेगळं प्रकरण. काही मुलांना कॉलरचं लेबल, मोज्याची शिवण, दात घासणं, नखं कापणं असह्य होतं. ती नखरे करत नाहीत, त्यांना खरंच बोचतं. लेबल कापून टाका, मोजे उलटे घाला, हलक्या हाताने चाचपडण्यापेक्षा जरा घट्ट, ठाम स्पर्श करा, आणि काय होणार ते आधी सांगा: ‘दहा आकडे मोजेपर्यंत ब्रश, मग थांबू.’ याने बरीच मुलं सावरतात. पण सेन्सरी हा शब्द हल्ली प्रत्येक गोष्टीला लावला जातो, त्याबद्दल सावध राहा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये सांगितलं होतं की सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर (स्पर्श, आवाज अशा जाणिवा मेंदूला नीट हाताळता न येणं) हे सरसकट स्वतंत्र निदान म्हणून देऊ नये, आणि अशी थेरपी चालली तर ती व्यापक उपचाराचा एक भाग म्हणून, तिचा खरोखर फायदा होतोय का हे तपासत. माझंही मत तेच. वजनाची जाकिटं वगैरे महागड्या वस्तू घ्यायला कोणी सांगितलं, तर आधी पुरावा विचारा. तो फारसा मिळणार नाही.

तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन येणाऱ्या, पण वेगळ्या अडचणीच्या मुलांच्या पालकांसाठीही दोन ओळी लिहिते. सेरेब्रल पाल्सीत (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर होणारा परिणाम) शरीराची एक बाजू अधू असेल, तर कपडे घालताना अधू हात आधी आणि काढताना तो शेवटी. एवढ्या एका नियमाने शर्टाची ओढाताण थांबते. अशा मुलांसाठी चांगला हात काही काळ बांधून अधू हाताकडून भरपूर काम करून घेणं आणि दोन्ही हातांचा एकत्र सराव, या दोन्ही पद्धतींना चांगला पुरावा आहे, पण त्या थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायच्या. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे स्नायू सैल असतात, पायऱ्या आणखी बारीक कराव्या लागतात, वेळ जास्त लागतो. शेवटून शिकवणं तिथेही तितकंच कामाचं.

किती दिवस? सगळ्यांत आधी ध्येय लहान करा. ‘स्वावलंबी व्हावा’ हे मोजता येत नाही. ‘शाळेच्या शर्टाची मधली तीन बटणं मदतीशिवाय’ हे येतं. आम्ही कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर नावाचं एक साधन वापरतो. त्यात घरच्यांनी किंवा मुलानेच महत्त्वाची कामं निवडायची आणि ती आज कितपत जमतात, त्यावर आपण किती समाधानी आहोत, याला एक ते दहा गुण द्यायचे. काही आठवड्यांनी पुन्हा गुण द्यायचे. दोन किंवा जास्त गुणांची वाढ म्हणजे खरा फरक, असं सहसा मानतात. तुम्ही हे घरीही वहीत करू शकता. एकच काम धरून रोज सराव चालला, तर सहा-आठ आठवड्यांत काहीतरी हललेलं दिसायला हवं. दिसलं नाही तर मुलाला दोष देण्याआधी योजना बदला: पायरी मोठी असेल, वेळ चुकीची असेल, किंवा ते काम त्याला महत्त्वाचंच वाटत नसेल. आठवड्यातून एकदा थेरपी आणि मधले सहा दिवस काहीच नाही, असं चालणार असेल, तर वर्षभर जाऊनही हाती फारसं लागणार नाही. उलट दोन-तीन कामं जमली की काही महिने थेरपी थांबवून घरीच सराव करायलाही हरकत नाही. नवी गरज उभी राहिली की पुन्हा जा.

थेरपीच्या आधी डॉक्टरांकडे परत जावं अशा काही गोष्टी असतात. आधी येणारी कामं सुटायला लागली, जमिनीवरून उठताना मूल मांडीवर हात रोवून वर चढल्यासारखं उठू लागलं, एकच हात सतत मुठीत राहतोय, किंवा दीड वर्षाच्या आत मूल एकच हात वापरतंय, तर आधी तपासणी. डोळेही एकदा तपासून घ्या. काज नीट दिसत नसेल तर सगळा सराव पाण्यात.

राहिले वेल्क्रोचे बूट. आजच घ्या. नाडीची गाठ साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास जमायला लागते, अनेकांना त्याहून उशीर लागतो, आणि हालचालींचा मेळ बसायला कठीण जात असेल तर आणखी. तोवर रोज शाळेच्या दारात त्याने कोणाकडून तरी नाडी बांधून घ्यावी आणि ते सगळ्या वर्गाने बघावं, यातून तो काही शिकणार नाही. वेल्क्रोने तो स्वतःचे बूट स्वतः घालतो, तेही एक कौशल्यच. नाडी शिकायचीच असेल आणि ती त्याला हवी असेल, तर घरात एक जुना बूट ठेवा. त्यात दोन रंगांच्या जाडसर, चपट्या नाड्या घाला, म्हणजे कोणती कुठून जाते ते दिसतं. बुटाचं टोक त्याच्या विरुद्ध दिशेला ठेवा, पायात घातल्यावर असतं तसं. दोन फासे करून त्यांची गाठ मारायची पद्धत एका फाशाच्या पद्धतीपेक्षा सोपी जाते. गाठ आणि दोन्ही फासे तुम्ही तयार करून द्या, त्याने दोन्ही बाजूंना घट्ट ओढायचं, एवढंच. पहिले काही दिवस त्यापुढे जाऊ नका.